मेणातले दात

बूट काढायला तो दारातच वाकला आणि चपलांच्या कपाटाखालच्या अंधारातून काहीतरी ओलं, कोमट त्याच्या मनगटाला लागलं. हात त्याने असा काही मागे ओढला की कोपर भिंतीवर आपटलं, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. आतून टाळ्या वाजल्या. बायको आणि मुलगी पडद्याआड उभ्या राहून गंमत बघत होत्या. मुलगी तर हसून हसून खाली बसली होती. "बाबा दचकला! बाबा दचकला!" मग ते कपाटाखालून बाहेर आलं. तपकिरी, गुबगुबीत, एक कान उभा, एक पडलेला, मागचे पाय पुढच्या पायांच्या आधी पोचायची घाई करणारं कुत्र्याचं पिल्लू. तोही हसला. अशा वेळी हसायचं असतं हे त्याला फार लहानपणीच शिकायला मिळालं होतं, आणि हसू त्याच्याकडे कायम तयार असे, खिशात रुमाल असावा तसं. "अरे वा," तो म्हणाला, "कोण पाहुणे?" आणि एक बूट पायात, एक हातात अशा थाटात तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पिल्लू जिकडे जाईल तिकडे हातातला बूट आपोआप वळत होता.

पाहुणे रविवारपर्यंत राहणार होते. मेहुण्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि त्यातलं हे एक बायकोने मागून आणलं होतं, मुलीसाठी. मुलीला घरात सगळे खारू म्हणत, कारण पेन्सिलीपासून फ्रॉकच्या बंदापर्यंत हाताला लागेल ते ती कुरतडायची. तर ही खारू कुत्र्यांना घाबरायची. साधंसुधं नव्हे, शाळेच्या मैदानाच्या कडेला एक म्हातारं कुत्रं दिवसभर घोरत पडलेलं असे, तेवढ्यासाठी ती मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडत नसे. तिच्या बाईंनी बोलावून घेऊन सांगितलं होतं. बायको स्वतः दुसऱ्या एका शाळेत चित्रकला शिकवायची, मुलांवरचे उपाय तिच्या जिभेच्या टोकावर असत. "भीती घरी आणायची, खाऊपिऊ घालायची," ती म्हणाली, "मग ती आपली होते. रविवारी माझा भाऊ येईल. जमलं तर ठेवू, नाहीतर तो परत नेईल. आणि शेवटचा शब्द तुझा." "माझा का म्हणून?" त्याने विचारलं. "कारण तू आत्ता काही बोलत नाहीस आणि मग महिनाभर तोंड पाडून बसतोस." तो पुन्हा हसला. शब्द त्याने तिथेच ठरवून टाकला होता. रविवारी तो म्हणणार होता, नको. कारणही तयार होतं: दिवसभर घर बंद असतं, मुक्या जिवाचे हाल. ऐकणाऱ्याला वाटावं, काय दयाळू माणूस आहे.

त्याच्या भीतीचं कुणालाच माहीत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोलासुद्धा नाही. ती लपवणं अवघड नव्हतं, फक्त सतत करावं लागे. कुठल्या गल्लीत कुत्री असतात, कुठल्या वळणावर, कुठल्या गॅरेजपाशी, याचा नकाशा त्याच्या पायांना पाठ होता आणि पाय आपसूक लांबचा रस्ता धरत. मित्राच्या घरी कुत्रा आहे असं कळलं की त्याला नेमकं त्या दिवशी काम निघे. पण खारू चालायला लागली आणि तिचा हात धरून तो रस्त्याने जाऊ लागला, तेव्हा एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. समोरून कुत्रं आलं की त्याचा चेहरा शांत राही, चाल बदलत नसे, पण हात आवळला जाई. त्या हातात तिचा हात असे. तिच्या बोटांना आधी कळे आणि मग ती मान वर करून शोधू लागे, काय आलंय, कुठून आलंय. काही दिवसांनी कुत्रं दिसलं की ती आपणच बोटं आवळू लागली. बायको म्हणे, पोरगी स्वभावानेच भित्री आहे, कुणावर गेली आहे कोण जाणे. कुणावर गेली ते त्याला ठाऊक होतं. ती त्याच्या तळहातावर गेली होती.

आणि आता घरात हे. पहिल्या संध्याकाळी खारू सोफ्यावर पाय घेऊन बसली, दुसऱ्या दिवशी तिने लांबून बिस्किटाचा तुकडा टाकला, आणि शनिवारी तो कामावरून आला तेव्हा ती पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती. तिची मान ताठ होती, ओठ घट्ट मिटलेले होते, पण पिल्लू मांडीवर होतं. बायकोने त्याच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "बघ. दोन दिवसांत." त्याने खारूच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणजे पिल्लू ज्या बाजूला नव्हतं त्या बाजूने फिरवला, आणि तिला शाबासकी देताना त्याला आनंद झाला आणि त्या आनंदाच्या खालोखाल पाचावर धारण बसली. उद्या रविवार. उद्या तो 'नको' म्हणणार होता, आणि आता त्या 'नको'ची किंमत त्याच्या डोळ्यांसमोर मांडीवर बसलेली होती.

खरं तर दातांना घाबरावं असा त्याचा धंदा नव्हता. तो कवळ्या बनवायचा. एका जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला लांबट खोली होती, तिथे तो आणि आणखी दोघे दिवसभर दात बसवत. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवत, हा त्यात प्लास्टर ओतून जबडा काढे, जबड्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवे आणि त्या मेणात एकेक दात रोवत जाई. कुणाचा सुळा किंचित वाकडा ठेवायचा, कुणाचे पुढचे दात जरा झिजवायचे, म्हणजे ते नवे वाटत नाहीत, हे त्याला बरोबर समजे. माणूस मात्र त्याने कधी पाहिलेला नसे. ठशाच्या डब्यावर नुसता एक आकडा असे. इतकी वर्षं तो तोंडांचंच काम करत होता, पण जिवंत तोंडात त्याने कधी बोट घातलं नव्हतं. ते डॉक्टरांचं काम. त्याच्याकडे येणारं तोंड पांढरं, कोरडं, गार असे आणि टेबलावर ठेवलं की ठेवल्या जागी राही. त्याला ते आवडे. टाळूवरच्या त्या बारीक वळ्यांवरून तो अंगठा फिरवे आणि मनात म्हणे, हे बरं आहे, हे चावत नाही.

रविवारी सकाळी बायको आणि खारू पिल्लासाठी पट्टा आणायला बाहेर पडल्या. मेहुणा त्यांना वाटेत भेटणार होता आणि तिघं मिळून घरी येणार होती. "तू चल ना," बायको म्हणाली. त्याने हातातली कवळी दाखवली. काम निकडीचं होतं, म्हणून तो ते घरी घेऊन आला होता. मागच्या छोट्या खोलीत त्याचं एक टेबल होतं, तिथे तो कधीकधी असं उरलंसुरलं काम करे. "मग पिल्लू तुझ्याकडे राहील," बायको म्हणाली. खारूने जाताना बजावलं, "बाबा, त्याला एकटं वाटू देऊ नको हं." दार बंद झालं. जिन्यावरची पावलं खाली खाली गेली. तो आणि ते, असे दोघेच घरात राहिले.

आधी काहीच झालं नाही. पिल्लू बंद दाराकडे तोंड करून बसलं होतं. तो खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता आणि वर्तमानपत्राची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. मग ते वळलं. त्याच्याकडे बघू लागलं. नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं, पण ते आलं. पाण्याला जायचं म्हणून तो उठला तर ते मागे मागे आलं, स्वयंपाकघरात आलं, तिथून बाहेर आलं, आणि अचानक त्याच्या पायजम्याची कड तोंडात धरून गुरगुरत मान हलवायला लागलं. खेळत होतं. खेळतंय हे त्याला कळत होतं. डोक्याला कळत होतं, पण पोटऱ्यांना कळत नव्हतं. त्याने पाय सोडवला, मागे सरकला, पुन्हा सरकला, आणि पन्नाशीकडे झुकलेला, डोक्याला टक्कल पडत चाललेला तो माणूस आपल्याच घरात वितीएवढ्या जनावरापुढे मागे हटत हटत मागच्या खोलीपाशी आला. पिल्लू त्याच्या पायांतून निसटून आत धावलं. आत नवा वास होता. त्याने दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

किती बरं वाटलं! तो भिंतीला टेकला आणि पोटभर श्वास घेतला. आणि लगेच स्वतःला सांगायला लागला की यात वाईट काही नाही. मेहुणाच फोनवर म्हणाला होता ना, थोडा थोडा वेळ एकटं ठेवायचं, सवय होते. रडलं तरी दार उघडायचं नाही, नाहीतर त्याला कळतं की रडलं की दार उघडतं. बायकोने मान डोलावली होती. सगळेच असं करतात. आतून आधी नखांचा आवाज आला, दारावर खर्र खर्र. मग रडणं. बारीक, लांब, मध्येच तुटणारं, आणि तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. तो जागचा हलला नाही. जाऊन खुर्चीत बसावं, टीव्ही मोठ्याने लावावा, असं मनात येत होतं. पण पाय निघत नव्हते. कडीवर हात होता, आणि तो उघडण्यासाठी होता की उघडू नये म्हणून होता, हे त्याला सांगता आलं नसतं.

हे रडणं त्याने पूर्वी ऐकलं होतं. फरक एवढाच की तेव्हा तो दाराच्या त्या बाजूला होता. त्याचे वडील बसच्या आगारात मेकॅनिक होते आणि आगारात टायर ठेवायची एक खोली होती, पत्र्याची, खिडकी नसलेली. आगाराचं कुत्रं तिथे झोपायचं. काळं, मोठं, एक डोळा पांढरा. वडिलांचा डबा घेऊन तो जायचा आणि फाटकापाशीच थांबायचा, आणि बाकीचे मेकॅनिक हसायचे. वडिलांना ते हसणं लागायचं. एक दिवस वडिलांनी त्याला बखोटीला धरून त्या खोलीत ढकललं आणि बाहेरून दार लावून घेतलं. "भीती अशी मोडायची असते," ते दारापलीकडून म्हणाले. आत रबराचा वास होता आणि काळोख, आणि त्या काळोखात कुणाचातरी श्वास. कुत्र्याने त्याला काही केलं नाही. तो ओरडत होता, दारावर हात आपटत होता, आणि ते कुत्रं बहुधा झोपेतून उठलंही नसेल. फक्त श्वास येत होता, आत, बाहेर, आत. दार उघडलं तेव्हा बाहेर सगळे उभे होते. "खाल्लं का रे तुला?" वडील म्हणाले आणि हसले, आणि त्याच्या हातावर गोळ्या ठेवल्या, आणि सगळे हसत होते म्हणून तोही हसला. त्याच दिवशी त्याला हसू शिकायला मिळालं. वडिलांचं समाधान झालं. पोराची भीती मोडली, असं ते पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगत. आणि तो शेजारी बसून मान डोलावत असे, कारण तेवढं तरी त्यांना मिळू द्यावं असं त्याला वाटे. एकच गोष्ट त्याने त्यांना कधी विचारली नाही. तुम्ही दाराशीच उभे होतात का? मी ओरडत होतो ते तुम्हाला ऐकू येत होतं का? वडील गेले, आणि ते विचारायचं राहून गेलं.

रडणं थांबलं होतं. केव्हा थांबलं ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. बरं झालं, झोपलं असेल, त्याने मनाशी म्हटलं. सवय झाली. आणि त्याच क्षणी त्याला कवळी आठवली. टेबलावर खिडकीतून ऊन येतं, उन्हात मेण मऊ पडतं, दात हलतात, म्हणून त्या दोघी गेल्यावर त्याने सवयीने प्लास्टरच्या जबड्यासकट कवळी खाली ठेवली होती. टेबलाखाली, गार फरशीवर. कामाच्या जागी ते सगळे तसंच करत. फरशीवर ठेवलेल्या वस्तूला तिथे कुणाचं तोंड लागण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने दाराला कान लावला. आत काहीही नव्हतं. नखं नाहीत, श्वास नाही. आता उघडायला हवं, आत्ता, या क्षणी, हे त्याला कळत होतं आणि तो उघडत नव्हता. आतल्या दृश्याची भीती, त्या जनावराची भीती, खारू येईल त्याची भीती, सगळ्या एकमेकींत अडकून दारात उभ्या राहिल्या होत्या आणि कुणी कुणाला वाट देत नव्हतं. जीव मुठीत धरणं म्हणतात ते हेच असावं, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने कडी काढली.

पिल्लू खोलीच्या मधोमध होतं. ते पुढच्या दोन्ही पंज्यांनी आपलं तोंड ओरबाडत होतं आणि तोंड मिटत नव्हतं. लाळ गळत होती. आवाज नव्हता. प्लास्टरचा जबडा एका कडेला उपडा पडला होता आणि त्यावर मेण नव्हतं. कुणा म्हाताऱ्या माणसाचे पुढचे दात, गुलाबी मेणासकट, त्या एवढ्याशा तोंडात टाळूला आडवे बसले होते आणि एक गोळा मागे घशाकडे सरकलेला दिसत होता. पिल्लाचे डोळे मोठे झाले होते. ते त्याच्याकडे बघत होतं, कारण खोलीत बघण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.

तो गुडघ्यांवर बसला. एका हाताने त्याने पिल्लाची मान धरली. कातडीखाली काहीतरी इतक्या वेगाने धडधडत होतं की त्याने जवळजवळ सोडूनच दिली. मग दुसऱ्या हाताचं बोट त्याने तोंडात घातलं. किती गरम होतं ते! सगळं गरम, ओलं, हलणारं. टाळूवर वळ्या होत्या, त्याच, ज्यांच्यावरून तो आयुष्यभर अंगठा फिरवत आला होता, पण या बोटाखाली आकसत होत्या, थरथरत होत्या. पिल्लू चावलं. सुईसारखे दात बोटात शिरले आणि त्याच्या तोंडून पुन्हा तो अनोळखी आवाज निघाला, पण बोट आतच राहिलं. मेण कसं सुटतं ते त्या बोटाला माहीत होतं. कडेने नख सारायचं, खाली वाकवायचं, हिसका द्यायचा नाही. पुढचे दात निघाले. मग मागचा गोळा. तो सरकत होता, निसटत होता, आणि तो स्वतःशीच मोठ्याने बोलत होता, "थांब रे, थांब, थांब जरा, झालं, झालं." गोळा बाहेर आला. पिल्लाने एक भयंकर श्वास ओढला, खोकलं, ओकलं आणि त्याच्या पायजम्यावर मुतलं.

हात सुटताच ते पळालं. टेबलाखालच्या अगदी आतल्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटलं आणि तिथून त्याच्याकडे बघत थरथरू लागलं. त्याने नकळत हात पुढे केला. ते आणखी आत सरलं, जिथे आत सरायला जागाच नव्हती. तेव्हा त्याला समजलं. ते त्याला घाबरत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला घाबरत होतं, आणि ती भीती त्याच्या इतकी ओळखीची होती की त्याला रडू आलं. तो तसाच ओल्या पायजम्याने फरशीवर बसून राहिला, बोटातून रक्त येत होतं, आणि तो लहान मुलासारखा रडत होता.

घंटा वाजली. डोळे पुसून त्याने दार उघडलं. खारू हातात लाल पट्टा घेऊन आत घुसली, मागून बायको, तिच्यामागे मेहुणा, हसतमुख, घामाघूम. "काय दाजी, काय ठरलं? ठेवताय की नेऊ?" तोवर खारू मागच्या खोलीपर्यंत पोचली होती. "बाबा, हे बाहेर का येत नाहीये?" बायकोने त्याचा पायजमा पाहिला, बोट पाहिलं. "अगं बाई, चावलं?"

"चावलं," तो म्हणाला. "मी त्याला मागच्या खोलीत कोंडलं होतं. त्याने कवळी खाल्ली. घशात अडकली होती. काढली मी."

खारू मागच्या खोलीच्या दारात आली. "रडत होतं का ते?"

"हो."

"तुला ऐकू येत होतं?"

"हो. मी दाराशीच उभा होतो."

"बरोबरच केलं त्यांनी," मेहुणा म्हणाला, "सवय अशीच लागते, बेटा. दाजींनी काही—"

"सवयबिवय काही नाही," तो म्हणाला. आवाज चढला होता. "मला भीती वाटत होती. मला कुत्र्यांची भीती वाटते. पहिल्यापासून."

मेहुणा खो खो हसला. "एवढ्याशा पिल्लाची? काय दाजी!" बायको हसली नाही, ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आपल्या घरात हा कोण आला अशी. आता आपल्याला हसू येईल म्हणून तो थांबला. नेहमी यायचं. आलं नाही.

खारू त्याच्यापाशी आली. तिने त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली ओढलं आणि त्याच्या कानात म्हणाली, "मला पण वाटते. अजून वाटते. रोज उचलताना वाटते."

"मग उचलतेस कशी?"

"तू घाबरत नाहीस ना," ती म्हणाली, "म्हणून."

ती मागे झाली आणि त्याच्याकडे बघू लागली. तिचे ओठ घट्ट मिटले होते आणि पट्ट्याचं टोक हळूहळू तोंडाकडे चाललं होतं. आपण काय करून बसलो ते त्याला दिसलं. खोटं होतं, पण ते धरून ही उभी होती. आणि त्याने ते आत्ता, सगळ्यांसमोर, खरं बोलण्याच्या भरात काढून घेतलं होतं. मैदान, मधली सुट्टी, पुढचे सगळे रस्ते, सगळं त्याच्यासमोर येऊन गेलं आणि त्याला इतकी भीती वाटली, जितकी बंद दाराबाहेर उभं असतानाही वाटली नव्हती.

"मग? नेऊ का?" मेहुण्याने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "नेऊ नकोस."

तो खोलीत गेला आणि टेबलासमोर फरशीवर पालथा झाला. गाल फरशीला टेकवला, आणि जखम झालेला हात टेबलाखाली सारला. फार नाही, थोडासा. हात कापत होता. तो कापतोय हे दारातून सगळ्यांना दिसत होतं. आतल्या कोपऱ्यात दोन डोळे होते आणि त्यांच्यामागे श्वास, आत, बाहेर, आत.

"बाबा," खारू मागून म्हणाली, "तुला आत्ता पण वाटतेय?"

"खूप."

तिने पट्टा खाली ठेवला. मग त्याला तिचे गुडघे टेकल्याचा आवाज आला, मग कोपरं, आणि ती त्याच्या शेजारी पालथी पडली. तिने आपला हात टेबलाखाली सारला, त्याच्या हाताच्या थोडा मागे. तोही कापत होता. पिल्लू जागचं हललं नाही. ते येईल की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते दोघे हात पुढे करून वाट बघत पडून राहिले.